वेष्टनाचा धर्म

दिवाळी अंक हाती आला की आपण प्रथम काय करतो? अनुक्रमणिका पाहत नाही. संपादकीय तर नाहीच नाही. आपण मुखपृष्ठ पाहतो. तबकात निरांजन घेतलेली, नाकात नथ घातलेली एखादी तरुणी तिथे उभी असते. घरातली वडील मंडळी चष्मा सारखा करून एकवार तिच्याकडे पाहतात, मुले मागच्या आकाशकंदिलाकडे बोट दाखवतात आणि मग कुठे अंक उघडला जातो. या तरुणीचा आतल्या मजकुराशी काडीचा संबंध नसतो. आत करवाढीवर लेख असतो, एखाद्या विधुराची कथा असते, बारा राशींचे भविष्य असते. १९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही प्रथा पाडली. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघा गोमंतकीयांच्या कुंचल्यांनी ही तरुणी घरोघर नेऊन बसवली. तिने आपल्याला फसवले अशी तक्रार मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेली नाही.

मी स्वतः याच धंद्यातला. पुस्तकांची मुखपृष्ठे, नाटकांच्या जाहिराती, ध्वनिमुद्रिकांची आणि नंतर कॅसेटींची वेष्टने यांवर माझा प्रपंच झाला. इतकी वर्षे वेष्टने काढूनही वेष्टनाचा धर्म काय, हा प्रश्न कधी आडवा आला नव्हता. किंवा आला असेल तर मी त्याला वळसा घालून पुढे गेलो असेन. तो प्रश्न या वर्षी माझ्या नातीने विचारला. म्हणजे तिने विचारला नाही. तिने मला एक चित्र दाखवले.

नात कॉलेजात शिकते आणि गाते. एका मैत्रिणीने ज्ञानेश्वरांच्या एका विराणीला नवी चाल लावली, हिने ती गायिली, आणि आता ती फोनवरून लोकांना ऐकायला मिळणार. यात तबकडी नाही, डबी नाही, कागद नाही. पण वेष्टन मात्र आहेच! लांबीरुंदीला तीन तीन हजार ठिपके असलेले चौकोनी चित्र दिल्यावाचून गाणे पुढे सरकत नाही, असे तिने सांगितले. आणि एवढे ठिपके घालून काढलेले ते चित्र लोक बघणार अंगठ्याच्या नखाएवढे.

तिने दाखवलेले चित्र यंत्राने काढलेले होते. पावसात उभे असलेले देऊळ, पायरीवर बसलेली एक स्त्री, मोठे डोळे, ओले केस. चित्र वाईट नव्हते. माझ्या उमेदीच्या काळात मला असे ओले केस काढायला दोन दिवस लागले असते.

"ही कोण?" मी विचारले.

"कोणी नाही, आजोबा. अशी बाई कुठे नाहीच. म्हणून तर बरं. कोणाची परवानगी नको, कोणाला पैसे नकोत."

"मग तुझाच फोटो का नाही लावत?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझा चेहरा त्या गाण्याला शोभत नाही."

हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकले होते, निराळ्या माणसाच्या तोंडून. पण त्याकडे येण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

गाण्याला वेष्टन हवे, ही कल्पना तशी फार जुनी नाही. तीन तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या साध्या कागदी पाकिटातून येत. पाकिटाला मधोमध गोल भोक असे आणि त्यातून तबकडीवरची चकती वाचता येई. मोठी रचना असली म्हणजे चार-सहा तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या पुठ्ठ्यात बांधत. 'आल्बम' हा शब्द गाण्याला चिकटला तो तिथून. आता वही गेली, पुठ्ठा गेला, शब्द तेवढा मागे राहिला. हे पुठ्ठे करड्या-तपकिरी रंगाचे असत आणि पाठीवर नाव छापलेले असे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाचा बावीस-तेवीस वर्षांचा चित्रकार कामाला लागला. त्याला ते पुठ्ठे थडग्यावरच्या दगडांसारखे दिसले. १९४० मध्ये त्याने कंपनीला गळ घातली आणि रॉजर्स व हार्ट यांच्या गाण्यांच्या संचासाठी एका नाट्यगृहाच्या दर्शनी फलकावरची दिव्यांची अक्षरे रात्रीपुरती बदलून घेतली. फलकावर संचाचे नाव झळकले, त्याचा फोटो काढला गेला, आणि गाण्याला पहिले खरे मुखपृष्ठ मिळाले. गंमत पाहा, पहिल्याच मुखपृष्ठासाठी नाट्यगृहाला एका रात्रीपुरते खोटे बोलावे लागले.

त्याच्याही आधीची गोष्ट आपल्या सर्वांच्या ओळखीच्या चित्राची आहे. कर्ण्यापुढे मान कलती करून बसलेला तो कुत्रा! आमच्या घरी आजोबा त्याला नमस्कार तेवढा करीत नसत. फ्रान्सिस बॅरॉड या इंग्रज चित्रकाराने ते चित्र रंगवले तेव्हा कुत्र्यापुढे ग्रामोफोन नव्हताच. नळकांड्यावर आवाज उमटवणारे, प्रतिस्पर्ध्याचे फोनोग्राफ यंत्र होते. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने चित्र घेण्याचे कबूल केले ते यंत्र बदलण्याच्या अटीवर. बॅरॉडने जुन्या यंत्रावर रंग चढवून नवे यंत्र काढले आणि चित्राचे पन्नास व हक्कांचे पन्नास असे शंभर पौंड घेतले. मूळ चित्र तिरप्या उजेडात पाहिले तर खालच्या यंत्राची रेघ आजही दिसते म्हणतात. कुत्रा मात्र तोच राहिला. तो तर चित्र होण्यापूर्वीच, १८९५ साली मेलेला होता. त्याची संमती कोणी विचारली नाही, आणि विचारली असती तरी त्याला दोन्ही यंत्रे सारखीच.

तर मग वेष्टन म्हणजे मुळातच खोटेपणा, असे म्हणावे काय? ईशावास्योपनिषदात सत्याचे तोंड सोन्याच्या पात्राने झाकले गेल्याचे सांगून ते दूर कर, अशी पूषन् देवाला विनवणी केली आहे. ऋषींचा निकाल स्पष्ट आहे: झाकण सोन्याचे असले तरी ते झाकणच. पण आपण ऋषी नाही, आपण गृहस्थ आहोत. आणि गृहस्थाचा झाकणाशी संबंध रोजचा. आमच्या घरी एक बिस्किटांचा डबा होता. त्यावर बर्फाच्छादित डोंगर, निळे तळे आणि तळ्याकाठी पांढरी घोडी. आत वर्षानुवर्षे चकल्या. पाहुण्यांपुढे डबा आला म्हणजे आत बिस्किटे असतील, अशी समजूत करून घेणारा मनुष्य मला भेटलेला नाही. बालगंधर्व शालू नेसून रंगभूमीवर येत तेव्हा प्रेक्षागृहातल्या शेवटच्या मनुष्यालाही हे नारायणराव राजहंस आहेत हे ठाऊक असे, आणि ठाऊक असूनच तो मोहून जाई. जिथे दोन्ही बाजूंना माहीत आहे तिथे सोंग असते, लबाडी नसते. लबाडी सुरू होते ती चित्राला वचनाचे स्वरूप आले म्हणजे. डब्यावरचा डोंगर काही कबूल करीत नाही. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी कबूल करते.

ही विभागणी मला बरीच वर्षे पुरली. गाण्याचे वेष्टन मी डब्यावरच्या डोंगरात धरीत असे. सूर्यास्त काढा, तंबोरा काढा, कमळ काढा. ऐकणाऱ्याचे काय जाते? पण या हिशेबात एक पक्ष धरायचा राहून गेला होता. वेष्टन पाहणारा एक आणि वेष्टनाच्या आत असलेला एक. पाहणारा फसला नाही म्हणून आतल्याचे काही गेले नाही, असे होत नाही.

१९४९ सालच्या 'महल' चित्रपटातले ते गाजलेले गाणे आठवा. ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचे नाव. ती भूमिका मधुबालेची. आणि गळा लता मंगेशकरांचा. रेडिओकडे पत्रे येऊ लागली, ही कामिनी कोण म्हणून चौकशी झाली, तेव्हा खरे नाव बाहेर आले. इथे ऐकणाऱ्याचे काय बिघडले होते? काही नाही. त्याला गाणे पुरेपूर मिळाले होते. बिघडले होते ते गाणारीचे. तिच्या आधी जवळजवळ अर्धे शतक, १९०२ साली, गौहरजानने कलकत्त्याला तबकड्या भरल्या. तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना चिठ्ठी कोणाच्या नावाची चिकटवायची हे कळावे म्हणून गाणे संपताना ती आपले नाव स्वतःच उच्चारी. सोय तांत्रिक होती खरी. पण आज ते ऐकताना वाटते, या बाईने आपले नाव कागदावर सोपवलेच नाही, सुरालाच बांधून टाकले. कागद कोणीही बदलू शकतो.

आता माझी गोष्ट. १९८६-८७ चा सुमार असेल. कॅसेटींचा नुसता पूर आला होता. पानपट्टीच्या दुकानातसुद्धा कॅसेटी टांगलेल्या असत. एका कंपनीने मावळातल्या एका म्हाताऱ्या बाईकडून जात्यावरच्या ओव्या गाऊन घेतल्या होत्या. आवाज असा की त्याला गोड म्हणता येत नाही आणि ऐकल्यावाचून उठता येत नाही. वेष्टनाचे काम माझ्याकडे आले. कॅसेटच्या डबीत घडी करून सरकवायचा तो कागद. दर्शनी भाग पत्त्याच्या पानाहून थोडा मोठा, त्याला एक पाठपट्टी आणि मागे एक छोटी पाळी. एवढ्याशा जागेत देव, गायक, कंपनी आणि किंमत सारे बसवावे लागे.

मी बाईचा फोटो मागितला. व्यवस्थापक हसले. म्हणाले, "अहो, सुरकुत्या कोण विकत घेतो? गाण्याला शोभेल असा चेहरा टाका." त्यांच्या कपाटात साडीच्या जाहिरातीसाठी काढलेल्या काही पारदर्शिका पडून होत्या. त्यातली एक त्यांनी काढून दिली. हिरवी नऊवारी नेसलेली, चंद्रकोर लावलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी जात्यापाशी बसून हसते आहे. मी तो फोटो कापला, भोवती झेंडूची माळ रंगवली, अक्षरांचे ब्रोमाइड चिकटवले. मागच्या पाळीवर बारीक टाइपात 'स्वर : एक ग्रामीण स्त्री'. हा मजकूर कंपनीचा. पण चिकटवला मी. माझे काम चांगले झाले होते. मोबदलाही वेळेवर मिळाला, ही त्या धंद्यात विशेष गोष्ट.

पुढे दोनेक महिन्यांनी ती बाई मुलाबरोबर मुंबईला आली होती. मुलगा तिला कंपनीत घेऊन आला तेव्हा मी योगायोगाने तिथे होतो. कोणीतरी तिच्या हातात कॅसेट दिली आणि हे चित्र यांनी काढले, असे माझ्याकडे बोट दाखवून सांगितले. वाचता येत नव्हते. तिने डबी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली.

"पोरगी ग्वाड हाय, दादा," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "पर जात्याला खुंटा न्हाई. दळंल कशी?"

मी डबी घेऊन पाहिले. खरोखरच खुंटा नव्हता. फोटोवाल्याने शोभेचे जाते ठेवले होते आणि मुलीचा हात नुसता वरच्या तळीवर टेकवला होता. मी ते चित्र दोन दिवस भिंगाखाली धरले होते, कडा कापल्या होत्या, डाग झाकले होते, आणि मला खुंटा दिसला नव्हता. मी म्हणालो, "चुकलंच, मावशी." तिने मान हलवली, म्हणजे क्षमा केली की होय म्हणाली, ठाऊक नाही. आपल्या जागी दुसरीच का आहे, हे तिने विचारलेच नाही. मुलाने मात्र विचारले, "आयचं नाव कुठं लिवलंय?" त्याला व्यवस्थापकांनी चहा पाजला.

त्या दिवशी ती रागावली असती तर मला बरे गेले असते. रागाला उत्तर देता येते. मी उत्तर तयारही ठेवले होते, आणि ते अगदीच पोकळ नव्हते. कॅसेट खपली. ज्या बायकांच्या घरातून जाते केव्हाच गेले होते त्यांनी ती विकत घेतली. माझ्या बायकोच्या एका मावशीने ती ऐकताना डोळे पुसलेले मी पाहिले आहेत. तरुण चेहरा नसता तर ही डबी दुकानात धूळ खात पडली असती आणि आवाज मावळातच विरून गेला असता. मग एका म्हातारीचा चेहरा वगळून एक आवाज वाचला, हा व्यवहार वाईट कसा?

पुष्कळ दिवस मी या युक्तिवादावर निभावून नेले. त्यातली फट उशिरा ध्यानात आली. कॅसेट चेहऱ्यामुळे खपली की आवाजामुळे, हे कोणी कधी पाहिलेच नव्हते. ते पाहायचे तर म्हातारीचा फोटो एकदा छापावा लागला असता. आम्ही लोकांच्या आवडीचे नाव पुढे केले होते, पण निवड आमची होती. आणि लोकांना सुरकुत्या आवडत नाहीत हा निकाल लोकांना न विचारताच लागला होता. शिवाय कपाटातून आयता फोटो काढण्यात एक सोय होती, जिचा उच्चार आमच्यापैकी कोणीच केला नाही: मावळात जाऊन फोटो काढायला एक दिवस मोडला असता.

गंमत अशी, की या धंद्यात योग्य गोष्ट घडते तीही पुष्कळदा भलत्याच कारणाने. १९६७ साली बीटल्स या चौकडीने आपली 'सार्जंट पेपर'ची ध्वनिमुद्रिका काढली. मुखपृष्ठावर पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या चित्रकार दांपत्याने जगातली नामांकित माणसे पुठ्ठ्यातून कापून दाटीने उभी केली. आपले काही योगी त्यांत आहेत, आणि पुढे, पायांशी, लक्ष्मीची एक बाहुलीही आहे. महात्मा गांधींचाही पुठ्ठा त्या गर्दीसाठी ठरला होता. कंपनीच्या प्रमुखांनी तो काढायला लावला. का? हिंदुस्थानातले लोक दुखावतील आणि तिथला धंदा बसेल म्हणून. डमडमचा कारखाना त्याच कंपनीच्या गोतावळ्यातला, हे विसरू नये. काण्टने १७८५ मध्ये आपल्या ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे: पोराबाळांनाही तो रास्त भावानेच माल देतो, पण ते गिऱ्हाईक टिकावे म्हणून. कृती नीतीची, हेतू गल्ल्याचा. तो दुकानदार मला लंडनच्या त्या कचेरीत बसलेला दिसतो.

आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका वेष्टनावर तो दुकानदार गैरहजर होता. जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकाच्या नव्या ध्वनिमुद्रिकेसाठी आपल्याकडच्या बाजारात मिळणारे विश्वरूपदर्शनाचे छापील चित्र, ज्याच्या प्रती आपल्या घरांत कॅलेंडराच्या रूपाने लागतात ते, उचलण्यात आले आणि मधल्या मुखांच्या जागी हेंड्रिक्स व त्याच्या दोघा साथीदारांचे चेहरे बसवले गेले. त्या चित्राला हात जोडणारांना कोणी विचारले नाही, हे उघडच आहे. पण हेंड्रिक्सलाही ते रुचले नव्हते! त्याच्या घराण्यात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे रक्त होते. काही दाखवायचेच तर त्या बाजूचे असायला हवे होते, असे त्याचे म्हणणे. ज्याच्या नावाने देव झाकला त्याचा स्वतःचा चेहराही तिथे त्याच्या मनाविरुद्धच गेला. मला त्या वेष्टनाचा राग येत नाही; मला त्यात माझी झेंडूची माळ दिसते. कपाटातले चित्र, सुबक कात्री आणि मध्ये बसवलेला चेहरा.

आता नातीकडे वळतो. तिचे म्हणणे वरकरणी बिनतोड आहे. चित्रातली बाई कोणीच नाही, तेव्हा कोणाचे काही हिरावले जात नाही. (ते यंत्र किती चित्रकारांची चित्रे पाहून शिकले, हा प्रश्न मी तिला विचारला, तिने तो टाळला, आणि मीही कपाटातल्या पारदर्शिका आठवून फार ताणला नाही.) ओव्यांच्या बाबतीत एका बाईला दुसऱ्यांनी बाजूला सारले. इथे सारणारी आणि सारली जाणारी एकच आहे. माणूस स्वतःवर अन्याय करू शकतो का, यावर तत्त्वज्ञांत एकमत नाही. मला एवढे ठाऊक आहे की पडद्याआड राहण्याचा हक्कही माणसाला असतो. बंगालमध्ये एके काळी घरंदाज स्त्रिया गात, तेव्हा त्यांच्या नावापुढे 'अमॅच्युअर' असे छापून त्यांना धंदेवाल्या गायिकांपासून वेगळे ठेवीत. ती त्यांची ढाल होती. १९६८ साली त्याच बीटल्सनी रिचर्ड हॅमिल्टनकडून निव्वळ पांढरे वेष्टन करून घेतले, नाव तेवढे कागदावर उठवलेले. तेही एक प्रकारचे पडद्याआड जाणेच. नातीने मला म्हटले असते, आजोबा, मला दिसायचे नाही, ऐकू यायचे आहे, तर मी आनंदाने एक पांढरा चौकोन करून दिला असता.

पण ती तसे म्हणाली नाही. ती म्हणाली, शोभत नाही. लपणे निराळे आणि हार खाणे निराळे. विराणीला अमुकच चेहरा शोभतो हे तिला कोणी शिकवले? ज्ञानदेवांनी नाही. ते आमच्यासारख्यांनी शिकवले, झेंडूच्या माळा रंगवून. आणि आता यंत्रही आमच्याचकडून शिकून तिला तेच सांगते आहे.

मी तिला मावशींची गोष्ट सांगितली. ती हसली, मग म्हणाली, "खुंटा नव्हता?" आणि आपल्या फोनवरचे चित्र दोन बोटांनी मोठे करून पाहू लागली. देवळाच्या पायऱ्या मोजल्या. एका बाजूला पाच होत्या, दुसऱ्या बाजूला सहा. बाईच्या डाव्या हाताची बोटे पदरात गेली होती, ती बाहेर कुठे आलीच नव्हती. ती बराच वेळ ते पाहत बसली.

"मग काय घालू?" तिने विचारले.

हे लिहितो आहे तेव्हा गणपती नुकतेच गेले आहेत, आणि तिला चित्र दसऱ्यापर्यंत हवे आहे. परवापासून ती संध्याकाळी रियाजाला बसली की मी समोर कागद घेऊन बसतो. गाताना तिचा ओठ डावीकडे किंचित खेचला जातो, कपाळाला आठी पडते. स्थिर बसत नाही ती. तीन कागद फाडले. चौथ्यावर आठी आली आहे, ओठ अजून जमलेला नाही. तिने कालचा कागद पाहून, "आजोबा, मी अशी दिसते?" असे विचारले, आणि होय म्हणताच, फारशी खूष न होता, पुन्हा तंबोरा उचलला. नाव मात्र मोठ्या अक्षरांत घालायचे, एवढे आमच्यात ठरले आहे.